गरम की गार

"आधी डोळे मिटायला सांग, आणि मगच विचार, गरम की गार? ओळखीचा माणूस असला तरी विचार. काल विचारलं असलंस तरी आज परत विचार. उष्णता आंधळी असते गं पोरी, कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. ते कातडी सांगते. जी कातडी बोलत नाही, तिला ऊब द्यायला जाऊ नकोस."

अनुयाला हे काम शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमना जाऊन चार वर्षं झाली होती, पण रोज सकाळी दवाखान्याचं शटर वर सरकवलं की हा आवाज तिच्या कानात सर्वांत आधी यायचा. वडाळे तळ्याच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना. आत दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, बाहेर एक लांब बाकडं आणि बाकड्यासमोर टेबल टाकून बसलेल्या मनिषाताई. मनिषाताई पेशंटची नावं लिहून घेत, पण त्यांचं खरं काम बोलणं. न्हावा शेव्याचे ट्रेलरवाले कंबर धरून यायचे, तेव्हा अर्धी कंबर मनिषाताईंच्या टोमण्यांनीच सरळ व्हायची.

पडद्यामागे कोपऱ्यात मेणाची टाकी होती. पांढरं मेण, त्यात थोडं तेल, बावन्न-त्रेपन्न अंशांवर पातळ झालेलं. आखडलेला हात त्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, थर धरला की परत बुडवायचा. असं सात-आठ वेळा. मग वर प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल, आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. मेण आपली ऊब एकदम ओतत नाही, सावकाश सोडतं. आतल्या रक्तवाहिन्या उघडतात, रक्त धावून येतं, कातडी गुलाबी होते आणि सांध्याभोवती जे आवळून बसलेलं असतं ते सैल पडतं. अनुया पेशंटना सांगायची, "थंडीत गोठलेली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो ना, तसं. पण ऊन गेलं की तेल परत गोठणार. तास-सव्वा तास मिळेल. त्यात बोटं हलवून घ्या."

भामाआजींना तो तास-सव्वा तासच हवा होता.

आषाढात त्या पहिल्यांदा आल्या. द्रोणागिरीकडच्या गावातल्या. उभा जन्म मिठागरात गेला होता. पुढे जमिनी गेल्या, बंगला आला, दारात दोन ट्रेलर उभे राहिले, पण आजींचे हात मिठागरातलेच राहिले होते. उजव्या हाताची बोटं कोंबडीच्या पायासारखी आत वळलेली. सोबत नातू, हृतिक. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, चालताना डावा पाय किंचित ओढणारा.

"बाय, मना नुसती बोटं हालवून दे," आजी म्हणाल्या. "दुखलं तरी चालंल. त्रिपुरी पुनवेपातूर हालली पायजेत. मग तोडून टाक."

"तोडायची कशाला, आजी? करायचंय काय एवढं?"

आजींनी पदराखालून कापसाची पिशवी काढली. गोष्ट अशी होती. आदल्या दिवाळीत पळस्प्याला हृतिकच्या मोटारसायकलला कंटेनरने उडवलं. नऊ दिवस पोरगा बेशुद्ध. दहाव्या दिवशी त्याने डोळे उघडले. मधल्या नऊ दिवसांत कधीतरी आजी महादेवाला बोलल्या होत्या: पोर उठला तर वर्षाच्या आत, माझ्या हाताने वळलेल्या लाख वाती तुझ्यासमोर लावीन. माझ्याच हाताने, वळताना दुसऱ्या कोणाचं बोट लागणार नाही. पंचावन्न हजार झाल्या आणि बोटांनी संप केला.

"आणि नाही झाल्या तर?" बाहेरून मनिषाताईंनी विचारलं. त्यांना पडदा कधी आड आला नव्हता.

आजींनी बाकड्यावरच्या नातवाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देवानं उसना दिलाय तो मना. बोललेलं देलं नाय, तर ज्याचं त्यो घेऊन जाईल."

अनुया नेमधर्मातली होती. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला जायचा तिचा नेम सोळा वर्षं चुकला नव्हता. त्यामुळे तिला हसू आलं नाही. तिने काचेच्या दोन नळ्या घेतल्या. एकीत किटलीतलं गरम पाणी, दुसरीत फ्रिजमधलं गार. आजींना डोळे मिटायला लावले. आजींना वीस वर्षं साखर होती, आणि साखरेच्या माणसाच्या हातापायांतली जाण कधी निघून जाते ते त्यालाही कळत नाही, म्हणून तिने दहा वेळा विचारलं. गरम. गार. गार. गरम. दहाच्या दहा बरोबर.

तेव्हा मेण सुरू झालं. एक दिवस आड आजी यायच्या. मेणाचा मोजा सोलून काढला की तिथेच मांडीवर कापूस घेऊन बसायच्या. थोडं दूध बोटाला लावून वात वळायच्या, ती इतक्या चपळाईने की बघत राहावं. शंभर झाल्या की हृतिक जुडी बांधायचा. घरी गेल्यावरही त्या गरम पाण्याच्या पिशवीवर हात ठेवून काही वळायच्या. पंखा लावला की कापसाचे तंतू दवाखानाभर उडायचे आणि मनिषाताई शिंकायच्या.

"आजी, महादेव पावेल तेव्हा पावेल, मला दमा आधी पावेल!"

"तुजी जीभ चालतेय तवर तुना काय व्हत नाय," आजी म्हणायच्या.

सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट. मेण काढल्यावर आजींचा तळहात गुलाबी होत नसे. होता तसाच राहायचा, फिका, मिठागरातल्या वाळलेल्या ढिगासारखा. अनुयाला ते दिसत होतं. म्हातारी कातडी आहे, राठ आहे, असं ती स्वतःला सांगायची. दर वेळच्या नळ्याही चालू होत्या. उत्तरं बरोबर येत होती. मग आणखी काय हवं?

भाद्रपदात एक दिवस बाहेरून हृतिक म्हणाला, "मॅडम, बाकड्याखाली हीटर लावलाय काय?"

"हीटर कुठला," मनिषाताई म्हणाल्या. "पंख्याखाली बसलायस."

"मग हात का तापतोय माझा? हा बघा."

"अगंबाई! लालेलाल झालाय. कोणाचा हात धरून आलास रे? तिला म्हणावं, जरा हळू धर."

हृतिक लाजला, हसला. अनुयाने पडद्यातून डोकावून पाहिलं. त्याचा उजवा तळहात ताज्या डाळिंबासारखा झाला होता. मधोमध अपघातातल्या टाक्यांचा व्रण होता, कोयतीसारखा वळलेला. भोवती लाल-पांढरी जाळी उठली होती. मेणातून काढलेला हात असाच दिसतो. तिने मागे वळून आजींकडे पाहिलं. टॉवेलात हात गुंडाळून त्या डोळे मिटून नाम घेत होत्या.

उष्मा असेल, अनुयाने मनाशी म्हटलं. पण त्या दिवसापासून तिचं लक्ष लागलं. आजींचा हात मेणात गेला की बाहेर हृतिक हात झटकायचा. सातव्या बुडीला शर्टाला तळवा पुसायचा. मोजा सोलला की पाच मिनिटांत त्याचा हात ओसरायचा. कधी चुकलं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने?

पौर्णिमेला बारा दिवस उरले होते आणि साडेचार हजार वाती राहिल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आता आजी रोज यायला लागल्या होत्या. त्या सकाळी दवाखान्यात गर्दी होती. टाकीची तबकडी बावन्न दाखवत होती. थर्मामीटर बुडवून पाहायचं अनुयाने उद्यावर टाकलं. नळ्या लावल्या, उत्तरं बरोबर आली. तिने आजींचा हात धरून मेणात बुडवला.

बाहेर हृतिक ओरडला.

साधं ओरडणं नव्हतं ते. मनिषाताईंच्या हातचा पेन खाली पडला. खाटेवरचा ट्रेलरवाला उठून बसला. अनुयाने झटक्यात आजींचा हात वर काढला. आजी मात्र शांत होत्या. "काय झालं बाय? आजून सात व्हायचेत."

तिने थर्मामीटर मेणात खुपसला. पारा त्रेसष्टावर गेला. तबकडी अजून बावन्नच दाखवत होती.

तिने आजींच्या हातावरचा मेणाचा पातळ थर घाईघाईने सोलला. वाटलं होतं, बरोबर कातडीही येईल. हात तसाच होता. कोरडा, फिका. हात लावून पाहिला तर गार. विहिरीच्या आतल्या दगडासारखा गार. बाहेर हृतिकच्या तळव्यावर बोराएवढे तीन फोड आले होते आणि तो गोंधळून बाकड्याकडे, पंख्याकडे, स्वतःच्या हाताकडे बघत होता. मनिषाताईंनी त्याचा हात नळाखाली धरला.

सगळं निवल्यावर अनुया पडद्यामागे आली. आजींचा मेणाचा मोजा तबकात पडला होता. मोज्याच्या आतल्या बाजूला तळव्याच्या रेषा उमटतात, अगदी बारीकसारीक. हे तिने हजारदा पाहिलं होतं. तिने मोजा उजेडात धरला. आजींच्या तळव्यावर चार उभ्या भेगा होत्या, मिठाने पडलेल्या. मेणात त्या नव्हत्या. मेणात मधोमध एक व्रण होता, कोयतीसारखा वळलेला. टाक्यांच्या खुणा मोजता येत होत्या.

बाकीचं मेण ती रोज गाळून वितळवायची. तो मोजा तिच्याने टाकीत टाकवला नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या त्या सरळ टाकीकडेच वळल्या. हृतिक पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला. रात्रभर ठणकल्याने झोप झाली नव्हती. भिंतीला डोकं टेकलं आणि त्याचे डोळे मिटले.

अनुयाने टाकीची वायर काढून ठेवली होती. तिने आजींना स्टुलावर बसवलं. दोन्ही नळ्या तिने आजी यायच्या आधीच भरून, फडक्यांत गुंडाळून ॲप्रनच्या खिशांत ठेवल्या होत्या. किटली वाजली नाही. फ्रिजचं दार उघडलं नाही.

"डोळे मिटा, आजी."

आजींनी डोळे मिटले. अनुयाने गरम नळी त्यांच्या तळव्याला टेकवली. आजी मान किंचित तिरकी करून कानोसा घेत राहिल्या.

"सांगा. गरम की गार?"

"गार," आजी म्हणाल्या, उगाच ठोकल्यासारखं.

आणि पडद्यापलीकडून झोपेतला आवाज आला, "गरम."

अनुयाने पडदा किंचित सारून पाहिलं; हृतिकचे डोळे मिटलेलेच होते. तिने दुसरी नळी काढली. तोंडातून अक्षर न काढता तिने ती टेकवली.

"गार," बाहेरून आवाज आला.

परत गरम. "गरम." परत गरम. "गरम." मग तिने दोन्ही नळ्या खाली ठेवल्या आणि नुसतं आपलं बोट त्या थंड तळव्यावर टेकवलं. मग तो आवाज लहान मुलासारखा म्हणाला, "आजी?"

भामाआजींनी डोळे उघडले. त्यांना दचका बसला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, इतकंच.

"फ्रीजचं दार वाजलं की गार," त्या म्हणाल्या. "किटलीचं झाकन वाजलं की गरम. पैल्या दिसापासून. मना हातात काय बी कलत नाय, बाय. रागावशील?"

"आजी, चार महिने! तुमचा हात भाजला असता. मी कोणाला तोंड दाखवलं असतं?"

"माजा हात कुटला?" आजी आपल्या तळव्याकडे परक्या वस्तूकडे पाहावं तसं पाहत राहिल्या. "हास्पिटलात पोर बरफासारखा गार पडलेला. काचंच्या आत. मना पाच मिन्टं सोडायचे. नवव्या दिसाला ह्याच हातात त्याचा हात घेतला नी बोलले, महादेवा, माज्या हातात हाय नाय ती ऊब ह्याला दे. वर लाख वाती. दुसऱ्या दिसाला त्यानं डोले उगडले. मी घरी येऊन चुलीवरचं भांडं उचललं, तर मना कललंच नाय, ते गरम हाय म्हून."

पडद्याबाहेर मनिषाताईंची खुर्ची करकरली. त्यांनी ऐकलं होतं. पण त्या आत आल्या नाहीत.

अनुयाने हात जोडल्यासारखे केले. "आजी, मी आता मेण देऊ शकत नाही, आणि घरची गरम पिशवीही बंद. तुमचा हात सांगत नाही, आणि तो पोरगा भाजतोय. काल तीन फोडांवर भागलं."

"दिलं तर भाजतोय. नाय दिलं तर बोटं मिटतील," आजी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी उजवा हात वर धरला. एका दिवसात बोटं आत वळायला लागली होती. "साडेचार हजार ऱ्हायल्यात. पुनीव अकरा दिसांवर आली. तूच सांग डाक्तरीन, मी कंचा हात जालू?"

अनुयाला मॅडमचं वाक्य आठवलं, जी कातडी बोलत नाही. पण ही बोलत होती. दुसऱ्याच अंगातून बोलत होती, आणि ती सगळं खरं सांगत होती. अशा वेळी काय करायचं, ते मॅडमनी शिकवलं नव्हतं.

शेवटी ती काहीच न ठरवता स्टूल ओढून आजींच्या समोर बसली. आपले दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि तो वळलेला थंड हात तिने दोन्ही तळव्यांच्या मध्ये घेतला. माणसाच्या अंगाची ऊब कोणाला भाजत नाही. तिला तबकडी लागत नाही, थर्मामीटर लागत नाही. फक्त वेळ लागतो.

वेळ फार लागला. दहा मिनिटांनी तिचे तळवे बधिर झाले. बर्फाची लादी धरावी तशी कळ कोपरापर्यंत चढली. ऊब कुठेतरी जात होती. आजींच्या हातात ती थांबत नव्हती, तळ नसलेल्या घड्यात पाणी ओतल्यासारखी निघून जात होती. मनिषाताईंनी बाहेरचे पेशंट परत पाठवले. मेणाला वीस मिनिटं लागायची, इथे तास उलटला. मग पहिल्यांदा आजींची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग आजींनी डाव्या हाताने कापूस ओढला.

अनुया उठून बाहेर आली. हृतिक जागा झाला होता. पट्टीतला हात समोर धरून तो बघत होता.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाय मॅडम. आज तापला पण नाय." मग इकडेतिकडे पाहत, कोणी हसेल की काय अशा आवाजात म्हणाला, "पण मघापासून कोणीतरी हात धरलाय असं वाटतंय. दोन हातांनी. आता सोडला."

मनिषाताई टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिल्या.

त्या दिवशी अर्ध्या तासात आजींनी दीडशे वाती वळल्या आणि बोटं पुन्हा मिटली. दीडशेने भागणार नव्हतं. दिवसाला चारशे तरी हव्या होत्या. म्हणजे असे तीन अर्धे तास, आणि प्रत्येकाआधी एक तास हात धरून बसणं. दवाखाना अकराला उघडायचा. पहाटे बसलं तरच जमणार होतं.

निघताना आजींनी अनुयाचा पदर धरावा तशी ॲप्रनची बाही धरली.

"उद्यापासून मी येते तुमच्याकडे," अनुया म्हणाली. "पहाटे. पौर्णिमेपर्यंत रोज. तुमच्याच हाताच्या होतील, आजी, लाखच्या लाख. हा माझा शब्द."

"काकड्याचा नेम हाय ना तुजा? बारकीनं सांगितलंय मना," आजी मनिषाताईंकडे हनुवटी करून म्हणाल्या.

"बारकी!" पन्नाशीच्या मनिषाताई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला अनुयाने आंघोळ केली. देवापुढे निरांजन लावलं. सोळा वर्षांत कार्तिकातल्या पहाटे ती या वेळी पायांत चपला सरकवून देवळाच्या वाटेला लागलेली असायची. आज ती देवापुढे थोडी जास्त बसली. मग डोळे मिटून तिने उजवा तळवा ज्योतीच्या वर धरला. काल संध्याकाळपासून त्या हाताची दोन बोटं जड वाटत होती, आणि रात्री चहाचा कप धरताना तिला क्षणभर काही कळलं नव्हतं.

गरम की गार?

तिने वाट पाहिली. नेहमीपेक्षा जरा उशिरा, दुरून आल्यासारखं, उत्तर आलं. गरम.

आई अजून झोपेत होती. अनुयाने दार आवाज न करता ओढून घेतलं. देवळातून काकड्याच्या टाळांचा आवाज यायला लागला होता. तिने त्या दिशेला हात जोडले. मग हात वाटेत गार पडू नयेत म्हणून तिने लोकरीचे हातमोजे चढवले, स्कूटर गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली, आणि तिथे सुरू करून आजींच्या गावाच्या वाटेला, उरण नाक्याकडे वळवली.